विद्यार्थी व्हिडिओ मनापासून पाहतील यासाठी शिक्षकांनी काय करावे

शैक्षणिक व्हिडिओ मुले शेवटपर्यंत का पाहत नाहीत, असा प्रश्न शिक्षकांच्या बैठकीत निघाला की चर्चा बहुधा कॅमेरा, माईक, ॲनिमेशन आणि नेटवर्क यांच्याकडे वळते. या गोष्टी लागतातच. परंतु त्यांच्याही आधी विचारावा असा एक प्रश्न आहे. पडद्यावर बोलणारी व्यक्ती त्या मुलाच्या ओळखीची आहे का, आणि आपण हा व्हिडिओ पाहिला की नाही याची त्या व्यक्तीला उद्या सकाळी विचारपूस करावीशी वाटेल, असा विश्वास त्या मुलाला आहे का? हा विश्वास असेल तर खिडकीच्या उजेडात साध्या मोबाईलवर केलेला पाच मिनिटांचा व्हिडिओही कामी येतो. तो नसेल तर उत्तम चित्रफीतही पहिल्या मिनिटानंतर बाजूला सरकवली जाते.

बाजूला सरकवणे किती सोपे असते, याची कल्पना ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीच्या २०२४ च्या अहवालावरून येते. ग्रामीण भागातील १४ ते १६ वयोगटातील, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी सुमारे ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामासाठी वापरला होता, तर समाजमाध्यमांसाठी वापरणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ७६ टक्के होते. करमणुकीच्या व्हिडिओंशी रंगतीच्या बाबतीत स्पर्धा करणे शिक्षकाला शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. शिक्षकाजवळ जे आहे ते त्या व्हिडिओंजवळ नाही: तो त्या मुलाला ओळखतो. पुढील मार्गदर्शन या एका गोष्टीचा उपयोग कसा करून घ्यावा याविषयी आहे, आणि ते मुख्यतः पाचवी ते दहावीच्या वर्गांना शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी लिहिले आहे.

व्हिडिओच्या आधीचे काम

पडद्यावरच्या माणसाविषयी प्रेक्षकाला जवळीक वाटू लागते, हे डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी १९५६ मध्येच, दूरचित्रवाणी नवी असताना, मांडले होते. त्या जवळिकीचे एक वैशिष्ट्य त्यांनी नोंदवले: ती एकतर्फी असते. प्रेक्षक निवेदकाला ओळखतो, पण निवेदक त्याला ओळखत नाही. वर्गशिक्षकाचा व्हिडिओ या नियमाला अपवाद ठरू शकतो, कारण पडद्यावरचे सर किंवा बाई दुसऱ्या दिवशी परिपाठाला समोर उभ्या असतात. मात्र हाच अपवाद उलटही फिरतो. ज्या मुलाला वर्गात सर्वांसमोर ‘एवढेही येत नाही का’ असे ऐकावे लागले आहे, त्याला तोच आवाज घरी फोनमधून ऐकण्याची इच्छा होणार नाही. अशा मुलाबाबत व्हिडिओ सुधारून काही साधत नाही. आधी त्या मुलाशी बोलावे लागते.

म्हणून पहिला व्हिडिओ करण्यापूर्वी आठवडाभर दोन गोष्टी कराव्यात. पहिली म्हणजे वह्या नीट पाहणे. केवळ बरोबर-चूक अशा खुणा न करता, एकाच प्रकारची चूक किती वह्यांत दिसते आणि ती कोणत्या समजुतीतून आली असावी, हे टिपून ठेवावे. दुसरी म्हणजे घरातला फोन कोणाकडे आणि केव्हा असतो, हे प्रत्येक मुलाला सहज बोलण्याच्या ओघात विचारणे. अनेक घरांत एकच स्मार्टफोन असतो, तो वडिलांबरोबर कामावर जातो आणि संध्याकाळी सात-आठनंतर घरी येतो. त्यावर दोन-तीन भावंडांचा हक्क असतो. हे माहीत नसताना दुपारी चारला व्हिडिओ पाठवून ‘रात्रीपर्यंत पाहा’ असे सांगणारा शिक्षक नकळत त्या मुलाला दोषी ठरवत असतो. ज्यांच्या घरी फोनच नाही, त्यांच्यासाठी मधल्या सुट्टीत शाळेच्या संगणकावर किंवा शिक्षकाच्या फोनवर पाहण्याची सोय करावी, आणि ती सोय सर्वांसाठी खुली ठेवावी, म्हणजे कोणाची परिस्थिती उघडी पडणार नाही.

संहिता लिहिताना

‘नमस्कार विद्यार्थी मित्रांनो, आजच्या व्हिडिओमध्ये आपण अपूर्णांकांची बेरीज हा घटक अभ्यासणार आहोत’ अशी सुरुवात इतक्या ठिकाणी ऐकू येते की ती कानावरून निघून जाते. त्या वाक्यात कोणताही शिक्षक नाही आणि कोणताही विद्यार्थी नाही. त्याऐवजी वह्यांतून टिपलेल्या चुकीपासून सुरुवात करून पाहावी. एक उदाहरण सविस्तर पाहू.

पाचवी-सहावीच्या वर्गात १/२ आणि १/३ यांची बेरीज २/५ अशी लिहिणारी मुले दरवर्षी भेटतात. अंशात अंश मिळवला, छेदात छेद मिळवला. मुलाच्या दृष्टीने ते पूर्णपणे तर्काला धरून आहे. नेहमीच्या व्हिडिओत लसावि काढण्याची रीत सांगितली जाते आणि मूल ती उतरवून घेते, पण त्याची मूळ समजूत तशीच राहते. ओळखीचा शिक्षक मात्र असे म्हणू शकतो: ‘काल तुमच्या वह्या तपासताना मला बऱ्याच जणांनी लिहिलेले एक उत्तर दिसले, आणि ते पाहून मी थांबलो, कारण त्यामागे तुम्ही विचार केलेला आहे. तुम्ही अर्ध्या भाकरीत तिसरा हिस्सा भाकरी मिळवली आणि उत्तर आले दोन पंचमांश. आता व्हिडिओ थांबवा आणि वहीत एक भाकरी काढून पाहा: दोन पंचमांश हा भाग अर्ध्यापेक्षा जास्त आहे की कमी?’ मूल चित्र काढते आणि त्याच्या लक्षात येते की पाचांपैकी दोन भाग म्हणजे अर्ध्याहून कमी. अर्ध्या भाकरीत आणखी काही मिळवल्यावर ती अर्ध्याहून कमी कशी होईल? हा प्रश्न पडल्यानंतरच समच्छेद करण्याची गरज त्याला पटते, आणि मग ३/६ अधिक २/६ बरोबर ५/६ या ओळी दोन मिनिटांत समजावता येतात.

या छोट्या संहितेत तीन गोष्टी घडल्या आहेत. वही तपासली गेली याचा पुरावा मुलाला मिळाला. चुकीच्या उत्तरामागच्या विचाराला मान मिळाला. आणि व्हिडिओ थांबवण्याची सूचना शिक्षकानेच दिली. या तिसऱ्या गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते. मोफत ऑनलाइन धडे देणाऱ्या ‘खान अकॅडमी’चे संस्थापक सल खान यांनी २००४ मध्ये नात्यातल्या एका मुलीला दूर अंतरावरून गणित शिकवायला सुरुवात केली आणि पुढे २००६ मध्ये तिच्यासह नात्यातल्या इतर भावंडांसाठी व्हिडिओ करून यूट्यूबवर ठेवले. ती भावंडे प्रत्यक्ष शिकवण्यापेक्षा व्हिडिओलाच पसंती देऊ लागली, असे खान यांनी जाहीरपणे सांगितले आहे. त्याचे कारण समजण्यासारखे आहे. समोर बसलेल्या मोठ्या भावाला ‘पुन्हा सांग’ असे तिसऱ्यांदा म्हणायला संकोच वाटतो. व्हिडिओ मात्र कितीही वेळा मागे नेता येतो. शिक्षकाबद्दल आपलेपणा आहे, पण त्याच्यासमोर न समजल्याची लाज वाटते, अशा मुलांची संख्या प्रत्येक वर्गात मोठी असते. त्यांना स्पष्ट शब्दांत सांगावे की व्हिडिओ थांबवणे, मागे नेणे आणि पुन्हा पाहणे ही अभ्यासाचीच रीत आहे.

संबोधनाचाही विचार करावा. शिक्षण-मानसशास्त्राचे अभ्यासक रिचर्ड मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये श्वसनसंस्थेवरील एका छोट्या निवेदित पाठात काही ठिकाणी ‘फुप्फुसे’, ‘नाक’ यांऐवजी ‘तुमची फुप्फुसे’, ‘तुमचे नाक’ अशा धर्तीचा बदल केला, आणि ज्यांनी हा बदललेला पाठ ऐकला त्यांना शिकलेले ज्ञान नव्या प्रश्नांना लावणे अधिक चांगले जमले. मराठीत याहून बारीक निवड करता येते. ‘विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे’ हे परिपत्रकाचे बोलणे आहे. ‘तुम्ही’ वर्गाला उद्देशून आहे, ‘आपण’ शिक्षकालाही कामात सामील करून घेते, आणि ‘तू’ एकट्याने फोनसमोर बसलेल्या मुलाशी बोलते. वर्गात ज्या रूपाने आपण मुलांशी बोलतो तेच रूप व्हिडिओत ठेवावे. वर्गात ‘अरे, इकडे बघ’ म्हणणारे सर कॅमेऱ्यासमोर अचानक भाषणाच्या सुरात बोलू लागले तर मुलांना ते परके वाटतात. मेळघाटातील शाळेत कोरकू बोलणारी मुले असतील किंवा धडगाव-अक्कलकुव्याकडे पावरी बोलणारी, तर त्यांच्या घरच्या भाषेतील दोन-चार शब्द योग्य उच्चारासह वापरावेत. उच्चार मुलांनाच विचारून घ्यावा. त्या दिवशी ती शिक्षकाची शिक्षक होतात आणि व्हिडिओत आपला शब्द ऐकण्यासाठी थांबतात.

चित्रीकरण

येथे फार बोलण्याची आवश्यकता नाही. फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘एडएक्स’ या ऑनलाइन शिक्षणमंचावरील अभ्यासक्रमांतील व्हिडिओ पाहण्याच्या सुमारे ६९ लाख नोंदी तपासल्या. छोटे व्हिडिओ अधिक पाहिले जातात आणि सहा मिनिटांच्या पुढे पाहणाऱ्यांचे लक्ष टिकणे कठीण होते, असे त्यांना दिसले. शिवाय खर्चिक स्टुडिओतील चित्रणापेक्षा शिक्षक आपल्या टेबलाशी बसून बोलत असल्याचे साधे चित्रण आणि हाताने लिहीत जाणारे सादरीकरण अधिक गुंतवून ठेवणारे ठरले. ते विद्यार्थी प्रौढ होते आणि शिक्षकांना प्रत्यक्ष ओळखतही नव्हते, तरी समोरासमोर बसल्याचा भास त्यांनाही हवा होता, ही बाब महत्त्वाची आहे.

एका व्हिडिओत एकच शंका घ्यावी आणि तो पाच-सहा मिनिटांत संपवावा. चेहरा सुरुवातीला आणि शेवटी दिसला तरी पुरतो. मधल्या वेळात लिहिणारा हात आणि कागद दिसावा. आवाज स्वच्छ असणे चित्रापेक्षा अधिक आवश्यक आहे, त्यामुळे पंखा बंद करून, फोन जवळ ठेवून बोलावे. बोलताना एखादा शब्द अडखळला तर पुन्हा चित्रीकरण करू नये. वर्गातही आपण अडखळतो आणि सावरतो. मुलांना तो माणूस परिचयाचा आहे.

दुसऱ्याने केलेला व्हिडिओ देताना

प्रत्येक घटकावर स्वतः व्हिडिओ करणे कोणालाही शक्य नाही. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोड आणि सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेला ‘दीक्षा’ हा सरकारी डिजिटल शिक्षणमंच यांमुळे तयार साहित्य हाताशी असते, आणि त्यातील पुष्कळसे चांगले असते. तरीही ‘पृष्ठ ४२ वरचा कोड स्कॅन करा’ एवढेच सांगून मुले तो पाहत नाहीत, याची कारणे शोधताना आपण त्यात स्वतः कोठे आहोत हे पाहावे. अनोळखी निवेदकाच्या व्हिडिओला आपली ओळख जोडून द्यावी लागते.

यासाठी व्हिडिओ आधी स्वतः पूर्ण पाहावा. त्यानंतर अर्ध्या-एक मिनिटाचा आवाजी निरोप ध्वनिमुद्रित करून दुव्यासोबत पाठवावा: ‘हा व्हिडिओ मी काल पाहिला. दुसऱ्या मिनिटाला त्यांनी पाण्याच्या पेल्याचा जो प्रयोग दाखवला आहे, तो पाहताना मला आपल्या वर्गात सोमवारी निघालेला प्रश्न आठवला. तेथे थांबा आणि त्यांचे उत्तर तुम्हाला पटते का ते लिहून आणा. शेवटची तीन मिनिटे तुमच्या इयत्तेसाठी नाहीत, ती सोडलीत तरी चालेल.’ काय सोडावे हे सांगणारा शिक्षक मुलांच्या वेळेची कदर करतो, आणि मुलांना ते कळते. व्हिडिओतील एखादे विधान अपुरे किंवा चुकीचे असेल तर तेही मोकळेपणाने सांगावे. ‘त्यात एक गोष्ट मला पटलेली नाही, तुम्हाला सापडते का पाहा’ या एका वाक्याने मुले निष्क्रियपणे पाहण्याऐवजी तपासत पाहू लागतात.

पाठवण्याची रीत

व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाईल दाबून लहान केली जाते आणि फळ्यावरचे अक्षर पुसट दिसते, म्हणून ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी किंवा यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ (दुवा असलेल्यांनाच दिसेल असा) ठेवून दुवा द्यावा. यूट्यूबवर ‘मुलांसाठी’ अशी नोंद असलेल्या व्हिडिओखाली जानेवारी २०२० पासून प्रतिक्रिया लिहिता येत नाहीत. ही अडचण मानू नये. मुलांचे प्रश्न परत येण्याचा मार्ग वही आणि वर्ग हाच असावा.

पालकांच्या गटावर एकाच दिवशी तीन विषयांचे तीन व्हिडिओ येऊन पडले तर कोणताच पाहिला जात नाही. सहशिक्षकांनी आपापसात वार ठरवून घ्यावेत. व्हिडिओसोबतचा निरोप पालकांना नव्हे तर मुलांना उद्देशून असावा, आणि त्यात पाहण्याचे कारण एका वाक्यात द्यावे. ‘सर्वांनी पाहणे बंधनकारक आहे’ असे लिहिण्याचा मोह टाळावा. बंधन म्हणून सुरू केलेला व्हिडिओ फोन टेबलावर ठेवून चालवला जातो आणि मूल खेळायला निघून जाते.

दुसऱ्या दिवशीची पाच मिनिटे

ज्या कामाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते आणि ज्यावर पुढचा प्रत्येक व्हिडिओ पाहिला जाणे अवलंबून असते, ते काम म्हणजे दुसऱ्या दिवशीची विचारपूस. मुलाने रात्री आठ वाजता, भावाशी भांडून फोन मिळवून व्हिडिओ पाहिला आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्याचा उल्लेखही झाला नाही, तर ते पुन्हा कशाला भांडेल?

अमेरिकेतील कोलोराडो राज्यातल्या वुडलँड पार्क येथील जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी २००७ पासून आपले पाठ व्हिडिओत ध्वनिचित्रित करून ठेवायला सुरुवात केली. गैरहजर मुलांची सोय हा त्यामागचा एक हेतू होता. पुढे ‘उलटा वर्ग’ (पाठ घरी व्हिडिओवर, सराव वर्गात) म्हणून ही पद्धत सर्वत्र पोहोचली. त्यांच्या कामाबद्दल बोलताना व्हिडिओंचाच उल्लेख अधिक होतो, परंतु व्हिडिओंमुळे वर्गातला जो वेळ मोकळा झाला, तो प्रत्येक विद्यार्थ्याशी रोज बोलण्यासाठी वापरावा यावर त्यांचा भर होता. आपल्याकडच्या चाळीस-पन्नास पटाच्या वर्गात ३५ मिनिटांच्या तासिकेत प्रत्येकाशी रोज बोलणे जमणार नाही. दररोज आठ-नऊ मुलांशी मात्र जमते, आणि कोणाशी बोलणे झाले याची खूण हजेरीपटाजवळच्या एका कागदावर ठेवली तर आठवड्याभरात कोणी सुटत नाही.

काय विचारावे, यालाही महत्त्व आहे. ‘पाहिलास का?’ या प्रश्नाला ‘हो सर’ एवढेच उत्तर येते, आणि त्यातले खरे किती हे कळायला मार्ग नसतो. ‘भाकरीचे चित्र काढलेस तेव्हा पाच भाग सारखे करायला कसे जमले?’ असे विचारले तर पाहिलेले मूल उत्साहाने सांगते, आणि न पाहिलेल्या मुलालाही चित्र काढून संभाषणात शिरता येते. व्हिडिओतच मधे मधे प्रश्न असले तर हे आणखी सोपे होते. हार्वर्डमधील कार्ल श्पुनार आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २१ मिनिटांचे ध्वनिचित्रित व्याख्यान चार भागांत दाखवले. ज्या गटाला प्रत्येक भागानंतर छोटी चाचणी दिली, त्या गटाचे मन कमी भरकटले, त्यांनी टिपणे अधिक घेतली आणि शेवटच्या चाचणीतही ते पुढे राहिले. आपल्या पाच मिनिटांच्या व्हिडिओत एक-दोन प्रश्न पुरेत, मात्र त्यांची उत्तरे वहीत दिसली पाहिजेत आणि शिक्षकाने ती वाचली पाहिजेत.

पुढच्या व्हिडिओची सुरुवात या उत्तरांपासून करावी. ‘मागच्या वेळी एका मुलीने विचारले की तीन अपूर्णांक असतील तर काय करायचे, म्हणून आजचा व्हिडिओ’ असे ऐकले की ती मुलगी तो व्हिडिओ घरच्यांना दाखवते, आणि बाकीच्यांना आपला प्रश्न कधी घेतला जाईल याची उत्सुकता लागते. नाव घेऊ नये. ज्याचे त्याला कळते. यूट्यूबवरील पाहण्याच्या आकड्यांवर मात्र विसंबू नये. एका फोनवर तीन मुलांनी मिळून पाहिले तरी नोंद एकच होते, आणि कोणी तुकड्या-तुकड्याने चार वेळा पाहिले तर वेगळेच चित्र दिसते. चाळीस मुलांच्या वर्गासाठी वह्या हाच अधिक भरवशाचा आलेख आहे.

मर्यादा सांभाळताना

जवळीक वाढवताना काही पथ्ये पाळणे आवश्यक आहे. विद्यार्थ्याशी स्वतंत्र, खासगी संदेशांची देवाणघेवाण करू नये. जे पाठवायचे ते पालकांच्या क्रमांकावर किंवा वर्गाच्या गटावर पाठवावे आणि रात्री ठरावीक वेळेनंतर उत्तरे देणे थांबवावे, हे मुलांनाही आधी सांगावे. मुलांचे चेहरे, नावे किंवा वह्यांवरची नावे सार्वजनिक व्हिडिओत येऊ देऊ नयेत; वर्गापुरत्या व्हिडिओत आवाज किंवा हस्ताक्षर वापरायचे असल्यास मुलाला विचारून पालकांची लेखी संमती घ्यावी. चूक दाखवताना ती वर्गातील अनेकांची असेल तरच दाखवावी, कारण एकाच मुलाची असेल तर नाव न घेताही सर्वांना ती कोणाची हे कळते आणि विश्वास तुटतो. आणि शिक्षकाला वाईट वाटेल म्हणून व्हिडिओ पाहणे, ही भावना मुलांत निर्माण होऊ देऊ नये. ‘मी एवढी मेहनत घेतली आणि तुम्ही पाहिले नाही’ असे म्हटल्याने मुले पुढच्या वेळी पाहतील. पण ती शिक्षकाची मर्जी राखण्यासाठी पाहतील आणि अपूर्णांक बाजूलाच राहतील.

सलग दोन-तीन व्हिडिओ न पाहणारे मूल लक्षात आले, तर त्याला सर्वांसमोर कारण विचारू नये. मधल्या सुट्टीत बोलवावे आणि सुरुवात व्हिडिओपासून करू नये. घरी काय चालले आहे, फोन कोणाकडे असतो, हा विषय मुळात जड जातो का, हे त्याच्या कलाने जाणून घ्यावे. फोनची अडचण असेल तर शाळेत पाहण्याची वेळ ठरवून द्यावी, बोलण्याचा वेग अधिक वाटत असेल तर वेग कमी करण्याची सोय त्याला दाखवावी, आणि विषयाचाच पाया कच्चा असेल तर त्याच्याशेजारी बसून व्हिडिओचे पहिले दोन मिनिट त्याच्याबरोबर पाहावे, थांबवावे, आणि भाकरीचे चित्र त्याला काढू द्यावे.